गोळ्यांची पट्टी अजून खणातच आहे

प्रश्न : माझं वय ६३. चार महिन्यांपूर्वी बाथरूमच्या दारात पायपुसण्यात पाय अडकून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) मणक्यात उणे २.१, खुब्यात उणे २.६. डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक गोळी लिहून दिली, शिवाय कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. कॅल्शियम घेतेय, पण त्या गोळीची पट्टी खणातच आहे. मैत्रीण म्हणते, तिनं जबड्याचं हाड सडतं. लेक म्हणते, वर्षभर कॅल्शियम, व्हिटॅमिन के-२ आणि चालणं करून बघ, मग पुन्हा स्कॅन कर. ताई, वर्षभर थांबले तर चालेल का?

उत्तर : थांबू नका.

तुम्ही स्कोअरचे आकडे दशांशासकट लिहिलेत आणि मनगटाचं एका वाक्यात उरकलंत. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ते मनगटच. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडांचा ठिसूळपणा (ऑस्टिओपोरोसिस), ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं १९९४ मध्ये आखली. निदानासाठी ती उपयोगी आहे, पण उणे २.४ ला हाड भक्कम आणि उणे २.६ ला ठिसूळ, असं काही नसतं. उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, हा पुरावा त्याहून बोलका. शिवाय एक हाड मोडलं की दुसरं मोडण्याची भीती पुढच्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त असते. नेमकं तेच वर्ष तुम्ही ‘करून बघण्यात’ घालवायला निघालात.

लेकीला सांगा, कॅल्शियम आणि गोळी यांत निवड करायची नसते, दोघांची कामं वेगळी. हाडात जुना भाग खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवा भरणाऱ्याही. पाळी गेल्यावर खरवडणाऱ्यांना आवर राहत नाही. कॅल्शियम भरणाऱ्यांना माल पुरवतं, पण खरवडणाऱ्यांचे हात धरत नाही. ते काम गोळीचं. १९९६ सालच्या एका मोठ्या चाचणीत आधीच मणका दबलेल्या बायका होत्या. साधारण तीन वर्षांत नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १५ जणींचा आणखी मणका मोडला, अलेंड्रोनेट घेणाऱ्यांत ८ जणींचा. दोन्ही गटांना गरजेप्रमाणे कॅल्शियम आणि डी मिळतच होतं. म्हणजे गोळी घेऊनही आठ जणींचा मणका मोडलाच, हेही लपवत नाही.

आता जबडा. मैत्रीण अगदीच खोटं बोलत नाही. पण असे बहुतेक रुग्ण कर्करोगासाठी याच जातीची औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत, शिरेतून घेणारे असतात. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी, असा अंदाज आहे. एखादा दात काढायचा राहिला असेल तर तो आधी काढून घ्या, म्हणजे त्या भीतीचा बराचसा निकाल लागेल.

मला त्यापेक्षा मांडीकडे लक्ष द्यावंसं वाटतं. बरीच वर्षं गोळी घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड विचित्र जागी तडकतं. त्याआधी कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत ठसठस असते. ती ‘वयाची’ म्हणून सोडू नका. याचसाठी साधारण पाच वर्षांनी गोळी चालू ठेवायची की काही काळ थांबवायची, हे ठरवतात. औषध हाडात मुरलेलं असतं, त्यामुळे थांबवल्यावरही त्याचा असर काही काळ टिकतो.

मी डॉक्टर असूनही स्वतः ही गोळी पाच वर्षं घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात माती खाल्ली. रविवारी सकाळी दोन घोट पाण्याबरोबर गिळली आणि पेपर घेऊन पुन्हा आडवी झाले. छातीच्या हाडामागे अशी आग पडली की दोन दिवस गिळताना डोळ्यांत पाणी. रुग्णांना जे सांगायचे, तेच मी केलं नव्हतं. तेव्हापासून उठल्याउठल्या रिकाम्यापोटी भरलेला पेला साधं पाणी, गोळी अख्खी गिळायची, आणि टायमर लावून अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही. कॅल्शियम तर दुपारच्या जेवणाशीच, कारण ते या गोळीला शरीरात शिरूच देत नाही. अन्ननलिकेचा त्रास असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रॉनिक ॲसिड आहे, पण मूत्रपिंडांची अट त्यालाही आहे. रक्तातलं कॅल्शियम, डी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम त्यावरून कळतं) तपासलंय का, डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियमच्या डबीवर मोठ्या अक्षरात १२५० असेल, तर खाली बारीक अक्षरं वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. तुमच्या वयात दिवसाला साधारण १२०० लागतं, पण ते खाण्यातलं धरून. एका मोठ्या पेलाभर दुधातून ३०० च्या आसपास मिळतं. आधी ताटातलं मोजा, कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्या. जास्त घेतल्यानं हाड जास्त बळकट होत नाही, मुतखड्याची शक्यता वाढते. डीचंही तसंच. २०१० सालच्या एका चाचणीत वर्षाची पाच लाख युनिट्स एकदम दिली, तर त्या बायका उलट जास्त पडल्या.

के-२ वर मी पैसे घालणार नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि कोणी स्ट्रॉन्शियमची डबी आणून दिली तर परत करा. तो धातू कॅल्शियमपेक्षा जड. हाडात बसला की स्कॅनचा आकडा वाढलेला दिसतो, हाड तेवढं सुधारलेलं नसतं.

चालणं सोडू नका, पण नुसत्या चालण्यानं हाडाची घनता फारशी हलत नाही. हाडाला भार लागतो. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पाळी गेलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. मात्र तिथे शिकवणारा समोर उभा होता. तुम्हीही फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच सुरू करा. पाठ गोल करून पायाची बोटं धरायचे व्यायाम आजपासून बंद.

आणि ते पायपुसणं अजून तिथेच आहे का?

प्रश्न : आई ७४ वर्षांची. हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन होतं. प्रवासामुळे यंदाचं राहिलं, आता आठ महिने झाले. स्कॅन चांगला आलाय, तर बंदच करावं का? (हल्ली तिची पाठ जरा धरते.)

उत्तर : अलेंड्रोनेटबद्दल वर जे लिहिलं, ते इथे लावू नका. हे औषध हाडात मुरून राहत नाही. त्याचा असर संपला की दाबून ठेवलेली झीज एकदम उसळते आणि कधीकधी एकामागून एक मणके दबतात. बंद करायचं असेल तर त्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं, नुसतं सोडता येत नाही. स्कॅन चांगला आला तो इंजेक्शन चालू होतं म्हणून.

पाठीचं तुम्ही कंसात लिहिलंत. मला त्याचीच काळजी वाटते. याच आठवड्यात मणक्यांचा एक्स-रे काढा आणि तो घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा. तोवर तिला वाकून काही उचलू देऊ नका.