साडेतीनला तयार होणारे डबे

«माझं वय ४३, पतसंस्थेत नोकरी. जूनमध्ये दुसऱ्या शाखेत बदली झाली, तेव्हापासून, म्हणजे गेले अडीच महिने, मन कशात म्हणून रमत नाही. तसं कारण काहीच नाही. मुलगा अकरावीत, घर स्वतःचं, हे तर फारच समजूतदार, कधी एका शब्दाने बोलत नाहीत. तरी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. नणंदेने सांगितलं म्हणून दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहिते, प्राणायाम करते. फरक शून्य. संध्याकाळी मात्र बरी असते, हसते-बोलते. मग वाटतं, आपण नाटक तर करत नाही ना? थकून साडेनऊलाच आडवी होते. हल्ली पहाटे साडेतीनला जाग येते, मग उठून डबे करून टाकते, तेवढाच वेळ सत्कारणी. वजनही उतरलंय, ते एक बरंच झालं. परवा पहाटे राजीनामा लिहून ठेवला, अजून दिला नाही. स्वतःच्या मनाची काळजी कशी घ्यावी?
– उगाच रडणारी, सांगली»

बदली, नणंद, वही हे सगळं मी बाजूला ठेवते. मला त्या डब्यांबद्दल बोलायचंय.

पहाटे साडेतीनला जाग येते हे तुम्ही असं लिहिलंय की बाईला वरकड वेळ मिळाला, तो तिने कारणी लावला. हा वरकड वेळ नाही. साडेनऊ ते साडेतीन सहा तास होतात, म्हणजे झोप झालीच की, असं कोणी म्हणेल. पण झोप पुरी झालेलं माणूस ताजंतवानं उठतं. ते राजीनामा लिहायला बसत नाही. नेहमीच्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी जाग, पुन्हा डोळा न लागणं, सकाळ सगळ्यात जड आणि सूर्य कलला की मन हलकं, भूक मंदावून वजन उतरलेलं, कशात रस नाही, आणि हे सगळं दोन आठवड्यांच्या वर टिकलेलं. ही नैराश्य या आजाराची ओळखीची लक्षणं आहेत. संध्याकाळी बरं वाटतं म्हणून तुम्ही स्वतःला नाटकी ठरवलंत. दिवसभरात मनाचा असा चढउतार होणं हा या आजाराचाच भाग असतो. नाटक करणारं माणूस प्रेक्षक असताना रडतं. तुम्ही नळ सोडून रडताय.

तेव्हा एकच काम सांगते. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर उत्तम. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. एवढं धाडस होत नसेल तर घरच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. पण तिथे काय बोलायचं ते ठरवून जा, कारण गाडी नेमकी इथेच चुकते. बाई जाते, «झोप येत नाही हो» म्हणते, झोपेची गोळी घेऊन परत येते. त्या गोळीने झोप येते, आजार तिथेच राहतो आणि दोन-तीन महिन्यांत गोळीवाचून झोप येईनाशी होते. म्हणून कागदावर लिहून न्या: झोप लागते पण साडेतीनला मोडते, सकाळी सगळ्यात वाईट वाटतं, संध्याकाळी बरं, वजन किती किलो उतरलं (अंदाज नको, काट्यावर उभ्या राहा), अडीच महिने झाले. पाळीत काही बदल असेल, रात्री घाम फुटून जाग येत असेल तर तेही लिहा, या वयात त्याचाही संबंध असू शकतो. आयुष्यात कधी उलटा काळ आला असेल, म्हणजे चार-सहा दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह, बोलणं आणि खर्च आवरत नाही असा, तर ते आवर्जून सांगा. त्यावरून औषधाची निवड बदलते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासायला सांगतील; नाही सांगितलं तर विचारा. थायरॉइड बिघडलं तरी मन असंच बसतं.

औषध दिलं तर पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते. गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे आधी त्रास आणि मग आराम, आणि बहुतेक जण मधल्याच दिवसांत «मला नाही मानवत» म्हणून गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकतात. बेचैनी फार वाढली तर डॉक्टरांना फोन करा, गोळी परस्पर बंद करू नका. बरं वाटल्यावरही नाही: पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान सहा महिने औषध चालतं आणि मग डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. जोडीला समुपदेशन सुचवलं तर जरूर घ्या.

आता तुमची पहाट. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतसुद्धा हे सुरू करता येईल. साडेनऊला आडवं होणं बंद. साडेदहा-अकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही, दुपारी सुट्टीच्या दिवशीही डुलकी नाही, तीननंतर चहा नाही. उठायचं रोज सहाला, रविवारीही. मधे जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. वीसेक मिनिटं गेली असं वाटलं आणि डोळा लागत नसेल, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा. काहीतरी कंटाळवाणं वाचा. जुने दिवाळी अंक याला झकास. पेंग आली की परत अंथरुणावर. स्वयंपाकघरात मात्र पाऊल ठेवायचं नाही. ट्यूबलाइट, गॅस, कणीक, कुकरची शिट्टी: तुम्ही रोज मेंदूला शिकवताय की साडेतीन ही ड्युटीची वेळ आहे, आणि तो इमानेइतबारे उठवतोय.

त्या वेळी विचार येतील. येऊ देत, पण निर्णय घ्यायचा नाही. पहाटे मन तळाला असतं आणि तिथून जे दिसतं ते सगळं खरंच वाटतं. राजीनाम्याचा कागद पाकिटात घालून बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवायला द्या. औषध लागू पडून दोन महिने झाले की परत मागा आणि संध्याकाळी सहा वाजता वाचा. तोवर नोकरी झेपत नसेल तर वैद्यकीय रजा आहे.

आणखी एक प्रश्न, सरळ विचारते. साडेतीनला कधी «मी नसते तर बरं» असं मनात येतं का? येत असेल तर या आठवड्यातही नाही, आजच जा, आणि घरात कोणाला तरी सांगून जा. रात्री आलं तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कोणी कारण विचारेल म्हणून घाबरू नका. «कारण काहीच नाही» असं सांगितलंत तरी चालतं, या आजाराला कारण लागतंच असं नाही.

गावात कोणी पाहिलं तर, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेलच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. रांगेत ओळखीचं कोणी भेटलंच, तर तेही तिथे काही भाजी घ्यायला आलेले नसतात.

राहिले तुमचे समजूतदार यजमान. अडीच महिने घरात पहाटे कुकर वाजतोय, बायकोचे ब्लाउज सैल झालेत, आणि त्यांनी एका शब्दाने विचारलेलं नाही. याचं कौतुक माझ्याच्याने होणार नाही. त्यांना हे पत्र आणि हे उत्तर दोन्ही वाचायला द्या. डॉक्टरकडे त्यांना सोबत न्या, कारण रात्री तुम्ही किती वेळा उठता, काय खाता, हे शेजारी झोपणाऱ्याने सांगितलेलं डॉक्टरांना उपयोगी पडतं. एवढ्या चौकशीने तरी त्यांचं लक्ष जाईल. आणि उद्यापासून डबे त्यांच्याकडे, सहानंतर. भाजी रात्री दोघांनी मिळून चिरून ठेवा. पोळ्या येत नसतील तर सांगलीत पोळी-भाजी केंद्रं भरपूर आहेत, आणि अकरावीतल्या मुलाला स्वतःचा डबा धुता येतो.