जुनी स्प्लेंडर चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते. नवीन कार्बोरेटर टाकू का?

नका टाकू. निदान टाकीचं झाकण उघडून बघेपर्यंत तरी नका.

तुम्ही लिहिलंय की वीसेक किलोमीटरनंतर गाडी दम तोडते, थोडं थांबलं की काहीच न झाल्यासारखी चालू होते, आणि टाकी फुल्ल असली की जास्त लवकर बंद पडते. हे शेवटचं वाचलं आणि मला आमचे दाजी आठवले.

२००९ ची गोष्ट. बाबांची १९९८ ची स्प्लेंडर, मी चालवतोय, मागे दाजी, पुण्याहून साताऱ्याला. शिरवळला टाकी फुल्ल केली. खंबाटकी चढताना झटके, मग गप्प. मी किक मारायच्या आत दाजींचं निदान तयार: "कॉइल गरम झालीय." कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणारा भाग. दहा मिनिटांनी गाडी चालू. "बघ, थंड झाली!" घाटमाथा यायच्या आत परत बंद. साताऱ्यात त्यांनी स्वतः उभं राहून नवी कॉइल बसवून घेतली. पैसे माझे. परतताना पाचवडच्या पुढे पुन्हा तेच रडगाणं.

पेट्रोल किती उरलंय बघावं म्हणून मी झाकणाला चावी लावली, तर टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. एका किकमध्ये चालू! झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत यायचं बारीक भोक एमसीलनं बुजवलेलं, वर अंगठ्याचा ठसासुद्धा उमटलेला. पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी हवा आली नाही की ते उतरायचंच थांबतं. टाकी भरलेली असली की वर मोकळी जागा कमी, म्हणून ओढ लवकर बसते. आपण कडेला उभे असतो तेवढ्यात कुठून तरी थोडी हवा झिरपते, की झालं, गाडी "थंड झाली".

एमसील लावलं कोणी? दाजी म्हणतात बाबांनी, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. बाबा आता नाहीत, साक्ष कोण देणार? पण आमच्या घरात बादलीपासून माठापर्यंत सगळ्याला एमसील फासणारा माणूस एकच, आणि ते बाबा नव्हते.

असो. तुमची गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. चालू झाली तर भोक साफ करा. नाही झाली तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. धार बारीक होऊन थेंबांवर आली तर अडथळा वर आहे, टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या जाळीत गंज बघा. धार शेवटपर्यंत टिकली तर पेट्रोल पोचतंय, मग प्लगची ठिणगी तपासा. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे असं होतं का हेही विचारलंत, तर ते पाणी ओढतं हे खरं. पाणी साचलं असेल तर बाटलीच्या तळाला वेगळं दिसेल.

आणि हो, कॉइल गरम होऊन ठिणगी जाते हेही खोटं नाही. आमची गेली नव्हती, एवढंच. जुनी कॉइल मी नंतर परत बसवली, गाडी अजून तिच्यावरच चालते. दाजींना हे उत्तर दाखवलंय, अजून काही बोलले नाहीत.

नवा कार्बोरेटर आणलाच असेल तर खोका फोडू नका, दुकानदार परत घेतो का विचारा.