मीडियामुळे वनौषधींच्या बाबतीत डॉक्टरांचं वजन वाढतं की कमी होतं?

माझं मत विचाराल तर डॉक्टरांचं नाही, पांढऱ्या कोटाचं वाढतं. मी आठ वर्षं आरोग्य पुरवणीचं पान लावायचे, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये. लेख काढ्याचं कौतुक करणारा असो नाहीतर त्याला विष म्हणणारा, फोटो एकच, हिरवी पानं आणि त्यावर स्टेथोस्कोप. खाली एका डॉक्टरांचं दोन ओळींचं मत, संध्याकाळी सातला फोन करून घेतलेलं, कारण आठला पान सोडायचं असतं. ते हाडांचे की त्वचेचे कोण बघतंय, फोन उचलतात ना, बस.

तर एकदा मी ज्येष्ठमधावर पान लावलं. मूळ अभ्यास उंदरांवरचा, पण हेडिंगमध्ये उंदीर बसेना म्हणून मीच उडवला. आईने ते कात्रण कपाटाला चिकटवलं आणि पावडर रोज दोनदा सुरू केली, लेकीने छापलंय म्हटल्यावर विषयच संपला. तीनेक आठवड्यांत बीपी वर, गोळी वाढवली तरी वरच, पायात गोळे यायला लागले, रक्तात पोटॅशियम कमी. डॉक्टरांनी विचारलं आणखी काही औषध घेता का, आई म्हणाली नाही. खोटं नव्हतं ते, तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. शेवटी दादाने (तो फिजिशियन) कपाटावरचं कात्रण वाचलं आणि डोक्याला हात लावला. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं, शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. पावडर बंद केल्यावर काही आठवड्यांनी ताळ्यावर आलं सगळं.

तेव्हापासून दादाचं एकच, तुम्ही पेपरवाले माणसं मारता. मान्य, उंदीर मी उडवला. पण २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ब्रिटिश विद्यापीठांच्या ४६२ प्रेस रिलीज तपासलेल्या, आणि प्राण्यांवरच्या संशोधनावरून माणसांबद्दल फुगवून बोलण्याचं प्रमाण प्रेस रिलीजमध्येच ३६ टक्के होतं. म्हणजे फुगा बऱ्याचदा आमच्याकडे येतो तोच फुगलेला, आणि फुंकणारे आमच्यातले नसतात. उलट बाजूलाही तेच. २०१५ ला चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना आर्टेमिसिनिन या वनस्पतीतून काढलेल्या मलेरियावरच्या औषधासाठी नोबेल मिळालं तेव्हा पारंपरिक औषधाचा विजय म्हणून नाचले लोक, पण जुन्या ग्रंथातला धागा पकडून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, हे सगळं कोपऱ्यात.

आणि डॉक्टर लोकांनो, "आणखी काही औषध?" हा प्रश्नच नाही. काढा, चूर्ण, पावडर, कॅप्सूल असं नाव घेऊन विचारा ना. पेशंट सांगत नाही म्हणून पेपरवर खापर फोडायचं, हे बरंय.

हां, घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाचा एखादा तुकडा चघळणाऱ्यांनी घाबरू नका, मी रोज चमचा-चमचा खाण्याबद्दल बोलतेय. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी विचाराच.

दादाने आता केसपेपरवर "काढा/चूर्ण/पावडर" असा रकाना छापून घेतलाय. कल्पना माझी होती, तो नाही म्हणतो.