मुंबईपेक्षा कोल्हापुरात मतदान जास्त का होतं, आणि त्यावरून कुठल्या पक्षाकडे कल आहे ते कळतं का?

मतदान किती होणार याचा अंदाज वस्ती बघून बराच बांधता येतो, पण कल कुणाकडे ते टक्केवारीवरून कळत नाही. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यात ७६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, मुंबई शहर जिल्ह्यात ५२ च्या आसपास. गावात उमेदवार साखर कारखान्यामुळे, दूध संघामुळे, सोसायटीमुळे घरचा असतो आणि कोण मतदानाला आलं नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मुंबईत भाड्याचं घर बदललं तरी नाव जुन्याच पत्त्यावर राहतं.

मी मतदान अधिकारी म्हणून शहरातल्या केंद्रावर बसलो आहे. अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी हातात दिली जाते. त्यातली माणसं येत नाहीत, पण टक्केवारी काढताना ती हिशेबात धरलेलीच असतात. म्हणून शहरी माणूस जेवढा उदासीन दिसतो तेवढा तो नसतो, असं माझं ठाम मत आहे.

कलाबद्दल म्हणाल तर त्याच कोल्हापूरने मे २०२४ मध्ये काँग्रेसचे शाहू महाराज लोकसभेवर पाठवले आणि सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यात काँग्रेसला एकही जागा दिली नाही. वस्ती तीच होती. केंद्रनिहाय मतं हवी असतील तर निवडणूक आयोगाचा फॉर्म २० बघा. मात्र एखाद्या केंद्राच्या आकड्यावरून तिथल्या अमुक जातीने किंवा धर्माने कुणाला मत दिलं हे सांगता येत नाही, कारण मत गुप्त असतं आणि एका केंद्रावर सगळे मिसळलेले असतात.