डेंटिंग-पेंटिंग शिकायचं म्हणतो, मुलगा वाया तर जाणार नाही ना?

"अभ्यासात बरा आहे हो, मग ही ठोकाठोकी कशाला?" सोळा वर्षांच्या मुलाच्या वडिलांचा हा प्रश्न. मुलाला शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत अपघातग्रस्त गाड्यांच्या दुरुस्तीचा व्यावसायिक अभ्यासक्रम घ्यायचा होता. त्या कामाची ओळख करून देणारी कार्यशाळा त्याने केली होती. गणित चांगलं, भाषा यथातथा. आईला वेगळीच धास्ती होती: रंगाच्या फवाऱ्याने छातीचं काहीतरी होईल. या दोन्ही काळज्या पालक माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. आईची काळजी खरी आहे. वडिलांची मात्र जुन्या गाड्यांच्या जमान्यातली आहे.

मुलाला सांगितलं, कार्यशाळेत तुझ्या हातून काय बिघडलं तेवढं बाबांना सांग. त्याने मोबाइलवर एका दाराच्या पत्र्याचा फोटो दाखवला. पांढऱ्या रंगात मधोमध पिवळट डाग होता. "बाबा, पुट्टीत, म्हणजे खळगे भरायच्या लेपात, तो घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम लागतो. लवकर वाळेल म्हणून मी अंदाजाने पिळला. जास्तीचा हार्डनर वरच्या रंगात उतरतो." आणि कमी पडला असता तर? "पुट्टी आतून मऊ राहते, घासायच्या पॉलिश पेपरला चिकटते. नंतर रंगाखाली खचते आणि घासल्याच्या रेघा वर दिसायला लागतात." रेघांवरून तो पेपरवर आला. ८० नंबरने आकार आणायचा, १८० ने ८० च्या रेघा मोडायच्या, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, वाळल्यावर ४०० ते ६०० ने घासायचं. मधला पेपर गाळला तर त्या दिवशी काम छान दिसतं, पण रंग पूर्ण वाळून आवळला की उन्हात सगळं उघडं पडतं.

वडिलांचा पुढचा मुद्दा होता की गणित वाया जाईल. तसं होत नाही. आजच्या गाडीत सगळा पत्रा एका जातीचा नसतो. दाराचा बाहेरचा पत्रा ठोकून सरळ होतो, पण पुढच्या-मागच्या दारांमधला खांब अनेक गाड्यांत बोरॉन पोलादाचा, म्हणजे फार कणखर पोलादाचा असतो, ताकद सुमारे १,५०० मेगापास्कल. तो तापवून सरळ केला तर दिसायला ठीक दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते आणि पुढच्या धडकेत तो आतल्या माणसाला वाचवत नाही. म्हणून गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जागीच कापून नवा बसवायचा. कुठे स्पॉट वेल्ड (करंटने ठिपक्या-ठिपक्यांत जोडणं), कुठे अ‍ॅडहेसिव्ह (चिकटद्रव्य), हे दुरुस्ती-पुस्तिकेत पाहून ठरतं. सांगाड्याची मापं तिन्ही दिशांनी घ्यावी लागतात आणि चूक काही मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. पुढची काच बदलली की तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं, बंपर काढला की समोरच्या गाडीचं अंतर मोजणाऱ्या रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे रोख नेमका लावून घेणं, बहुधा करावंच लागतं. रडारचा रोख एका अंशाने चुकला तर १०० मीटरवर तो पावणेदोन मीटर बाजूला पाहतो. हे मुलानेच टॅनजंट वापरून वडिलांना कागदावर काढून दाखवलं.

आता आईची काळजी. रंगावर चकाकीसाठी टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा पारदर्शक थर, फवारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात. वास येत नाही म्हणजे हवा साफ आहे, असं इथे धरता येत नाही. वास जाणवण्याच्या आतच धोक्याची पातळी ओलांडलेली असू शकते. शरीर एकदा त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उठतो आणि माणसाला रंगकाम सोडावं लागतं. कागदी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हवा ओढून घेणारा बंद पेंट बूथ आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच, कारण त्वचेवर पडलेलं हार्डनरही अपाय करतं. फवारणी थांबली तरी बूथमधली हवा साफ होईपर्यंत मास्क वर करायचा नाही. नेमकी हीच चूक घाईत होते. उघड्या शेडमध्ये मुलांच्या हातात क्लिअर कोट फवारायची गन देणाऱ्या शाळेत मुलाला घालू नका. इतकं स्पष्ट सांगायला हवं.

प्रवेशाआधी आणखी एक तपासणी सुचवली, ती म्हणजे रंगदृष्टीची. पालकांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. मुलात लाल-हिरव्याचा सौम्य दोष निघाला आणि त्याचा चेहरा पडला. मेटॅलिक (धातूसारख्या चमकणाऱ्या) रंगाची छटा जुळवणं हे रंगाऱ्याचं मोठं काम. नमुना-पट्टी फवारून उजेडात, समोरून आणि तिरकं पाहून फरक ओळखावा लागतो. तिथे या मुलाला आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावं लागलं असतं. पण बॉडी दुरुस्ती आणि रंगकाम हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. वर्ल्डस्किल्स या तरुण कारागिरांच्या जागतिक स्पर्धेतही त्यांचे दोन स्वतंत्र विभाग असतात. मापन, वेल्डिंग, कॅलिब्रेशन आणि नुकसानीचं अंदाजपत्रक काढणं या कामांचा भार रंगछटेच्या पारखीवर नसतो, आणि त्याचं गणित इथेच उपयोगी पडणार होतं.

त्याने सांगाडा-दुरुस्तीची शाखा घेतली. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं नाही, म्हणजे पुढे अभियांत्रिकीची वाट उघडी राहते. आईला सांगितलं की पुट्टीची धूळ आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या वेल्डिंगचा धूर इथेही आहेच, तेव्हा धूळ ओढणारा सँडर आणि धूर खेचणारा पंखा शाळेत आहे का ते पाहा. सुरुवातीलाच फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून कागद जपून ठेवा, म्हणजे पुढच्या चाचण्यांशी ताडून पाहता येईल. पुढे दाढी राखायची हौस आली तर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क गळतो, हेही मुलाला आत्ताच सांगून ठेवलं.

कार्यशाळा पाहायला जाल तेव्हा शिक्षकांना विचारा, मुलं वेल्ड तोडून पाहतात का? दोन टाकाऊ पट्ट्या जोडायच्या आणि सोलायच्या. वेल्ड पक्का असेल तर एका पट्टीला भोक पडून गुठळी दुसरीला चिकटून येते. पट्ट्या नुसत्या सुटल्या तर करंट किंवा वेळ कमी पडला, नाहीतर दाब चुकला. जिथे हा सराव खऱ्या गाडीला हात लावण्याआधी होतो, तिथे बाकीचंही बहुधा नीट शिकवतात.