हाई गानं कोनं शे? : वाचकांचे प्रश्न

अप्पा, नमस्कार. माझ्या मामांनी 1986च्या सुमारास आमच्या गावच्या वहीगायनाचं रेकॉर्डिंग केलं होतं. परवा माळ्यावर त्या कॅसेट सापडल्या. मोबाईलवर घेऊन सगळ्यांना पाठवाव्या म्हणतो. कसं करू?
– एक वाचक, चोपडा

भाऊ, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. वही म्हणजे आपल्या खानदेशातलं डफावर गायचं आख्यान, ते रात्रभर ऐकलेली माणसं आता थोडी उरलीत आणि त्या काळातलं रेकॉर्डिंग तर क्वचितच सापडतं. म्हणूनच सांगतो, कॅसेट घाईनं वाजवू नका.

आधी उजेडात धरून खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटवर जाते. तशी कॅसेट जाणकाराकडेच द्या. टेप स्वच्छ असेल तर कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिलेल्या टेपचे थर एकमेकांना चिकटतात. त्यामुळे वाजवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसा.

स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका, पंख्याचा आवाजही त्यात येतो. प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरला जोडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर ठेवा, पाठवण्यासाठी एमपी3 वेगळी काढा. सी-90 म्हणजे 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटं चालते, तेवढा वेळ तिथं बसावंच लागतं. मूळ प्रतीतली खरखर काढायला जाऊ नका. टेपची सळसळ आणि झांजेची चमक बरीचशी एकाच पट्ट्यात असते, एक पुसायला गेलं की दुसरीही जाते.

आता खरं काम. पाठवण्याआधी मामांजवळ बसा. पुढे गाणारा कोण, मागून साथ गाणारे झीलकरी कोण, डफ कुणाच्या हातात, कोणत्या गावी, कशाच्या निमित्तानं, आख्यान कोणतं, हे सगळं विचारून लिहून काढा. फाईलच्या नावात गाव, वर्ष आणि गाणाऱ्याचं नाव घाला. मामांच्याच आवाजात दोन मिनिटांची ओळख रेकॉर्ड करून सुरुवातीला जोडली तर उत्तम, कारण सोबत पाठवलेला मजकूर पुढे पाठवताना गळून पडतो, आवाज गळत नाही. माझ्या कपाटात धरणगावच्या एका लग्नात भरलेली कॅसेट आहे. गाणाऱ्या बाईंचा गळा असा, की ऐकणारा उठत नाही. पण त्या कोण, हे सांगणारं आता कुणी नाही. दरवेळी ऐकताना वाईट वाटतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर ऐका, ओवीसोबत बाईंचं नाव आहे, गाव आहे. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी जेवढं कागदावर उतरवलं, तेवढं 1952मध्ये पुस्तकात आलं. शब्द टिकले, पण आज आपण ऐकतो त्या चाली नंतरच्या संगीतकारांच्या. म्हणून म्हणतो, तुमच्याकडे शब्दही आहेत आणि चालही, नाव तेवढं सोडू नका.

आणि परवानगी घ्या. आपल्या कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क, कार्यक्रम झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षं राहतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मंडळींच्या घरच्यांनी ते सर्वांत आधी ऐकलं पाहिजे. एका संध्याकाळी गावच्या पारावर लावा, राहिलेली नावं तिथंच मिळतील.

अप्पा, मी नोकरीमुळे पुण्यात आहे. अहिराणी गाणी शोधली की हळदीची, डीजेचीच येतात. काही निराळं कुठे ऐकू?
– एक वाचक, शिंदखेडा

हळदीच्या गाण्यांवर मी नाराज नाही. त्यांच्यामुळे आपली भाषा तरुण पोरांच्या तोंडी आहे आणि लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांना दोन पैसे मिळतात. आवडलेल्या गाण्याखाली गीतकाराचं, ढोलकीवाल्याचं नाव असतं. ते नाव धरून शोधा, त्याच माणसाचं एखादं संथ गाणं पाचशे लोकांनीच ऐकलेलं निघतं.

भाषेऐवजी सणाचं नाव टाका. श्रावणात बसणाऱ्या देवीचं नाव कानबाई आणि कानुबाई, दोन्ही तऱ्हांनी लिहा. आखाजी (अक्षय्य तृतीया), गौराई, झोक्यावरची गाणी, वही. आकाशवाणीच्या जळगाव आणि धुळे केंद्रांवर लोकसंगीताच्या वेळा विचारा. आणि जमलं तर नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी या. कानबाई बसते त्या रात्री स्पीकर बंद झाल्यावर म्हाताऱ्या बाया जे गातात, ते कुठल्याच मोबाईलवर नाही.

अजून एक. फक्त अहिराणीत शोधू नका. लता मंगेशकरांचं आजोळ आपल्या शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर. तिथल्या आजीकडून त्या पावागढचे गुजराती गरबे शिकल्या. आपल्या कानात गुजराती आहे, निमाडी आहे, सातपुड्यातल्या पावरा समाजाची बोली आहे. त्या दारांनीही आत जा.

सर, मी साक्री तालुक्यात शिक्षिका आहे. इथल्या आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे भोपळा आणि बांबूचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकावं का?
– एक वाचक

ताई, पावरी म्हणजे इथं मैफलीचं वाद्य नाही, ती देवासमोर वाजते. उत्सव करणाऱ्यांनी ‘नको’ म्हटलं तर तो विषय संपला. ‘हो’ म्हटलं तरी किती आणि कुठपर्यंत पाठवायचं, हे त्यांनीच ठरवू द्या. मात्र वाजवणाऱ्या आजोबांना एरवी एखाद्या दुपारी शाळेत बोलवा. भोपळा कसा वाळवतात, बांबू कुठून आणतात, श्वास न तोडता कसं वाजवतात, हे पोरांनी त्यांना विचारावं. प्रवासभाडं आणि मानधन शाळेनं आधी ठरवावं. एखाद्या पोराला शिकायचं असेल तर त्याला आजोबांच्या घरी पाठवा.