गुडघा बदलल्यावर उशी कुठे ठेवायची?

प्रश्न: आईचा गुडघा बदलून १० दिवस झाले. गुडघ्याखाली उशी घेतली की तिला बरं वाटतं, पण फिजिओथेरपिस्ट रागावतात. दुखतं म्हणून व्यायामही टाळते. काय करावं?

उत्तर: उशी आजच काढा. वाकलेल्या गुडघ्याला आराम मिळतो हे खरं, पण तो तसाच आखडतो. मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहते. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्यामागे पोकळी राहू द्या. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ पर्यंत मोजायचं, सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून तीन-चारदा.

आईंचं दुखणं ही सबब नाही, खरंच दुखतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, नंतर कापडात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

थोडी सूज काही महिने राहते. पण पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, टाक्यांतून पाणी आलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर थेट इमर्जन्सीत न्या. आणि तेलमालिश नकोच; पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.